पेन ड्राइव्ह नाही, हार्ड डिस्कच्या पार्टिशनवरूनच लाइव्ह लिनक्स सुरू होतं का?

निफाडकर (मंगळवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. इथं संगणकवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

माझ्याकडे २०१५ सालचा लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती डिस्क. द्राक्षाचा सगळा हिशेब त्यात आहे, म्हणजे औषधं, मजुरी, व्यापाऱ्याकडची येणी. भाच्याने २०१९ मध्ये विंडोज १० च्या शेजारी उबंटू १८.०४ टाकून दिलं होतं. विंडोज १० ला अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि ११ या मशीनला चालत नाही. उबंटूही तेवढंच म्हातारं झालंय. म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरवली. पण टाकण्याआधी नुसतं चालवून बघायचंय, म्हणजे ते लाइव्ह. वायफाय लागतं का, प्रिंटर दिसतो का, एवढंच.

अडचण अशी की मागच्या पावसाळ्यात कीबोर्डच्या कडेला चहा सांडला आणि दोन्ही यूएसबी गेले. डीव्हीडी नाहीच. एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड बदला म्हणाला, साडेसहा हजार. लॅपटॉप विकून एवढे येणार नाहीत.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे आख्खी सीडी एका फाइलमध्ये, डिस्कवरच पडलीये. तिथूनच ती सुरू करता येते का? भाचा हिंजवडीला असतो, फोन उचलत नाही.


तर्री_जास्त (९:२०)

चहा सांडला? नाशिकमध्ये राहून लॅपटॉपशेजारी चहा? मिसळ सांडली असती तर आम्ही समजून घेतलं असतं.


अण्णा_लिनक्सवाले (९:३१)

उगाच द्राविडी प्राणायाम कशाला? एम. जी. रोडला जा, यूएसबीची वेगळी छोटी पट्टी असेल तर ती बदलून मिळते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट मुख्य बोर्डवर नसतात. पेन ड्राइव्हने जे काम दहा मिनिटांत होतं त्यासाठी डिस्कशी खेळू नये.


निफाडकर (९:३८)

अण्णा, पट्टी बघितली. दोन्ही पोर्ट बोर्डवरच आहेत.


शंकासुर (९:४४)

होत असेलही, पण मुळात कल्पनाच पटत नाही. लाइव्ह सिस्टिम कशासाठी असते? मूळ सिस्टिम आजारी पडली की उपयोगी पडावी म्हणून. ती त्याच डिस्कवर ठेवायची म्हणजे विहिरीत पडलो तर लागेल म्हणून दोर विहिरीतच सोडून ठेवल्यासारखं आहे.


खट्याळ_खार (९:४६)

+१. विहिरीचं उदाहरण आवडलं.


मृण्मयी_सातपूर (१०:०५)

निफाडकर काका, होतं. तुमच्याकडे उबंटू आहे म्हणजे ग्रब (मशीन चालू होताना सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम) आहे, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. शंकासुर यांचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर नंतर भांडू.

आधी काय घडतं ते सांगते, कारण नुसत्या आज्ञा उतरवून काढल्या की लोक नेमके मध्येच अडकतात.

ग्रब हा तुमचा रिक्षावाला समजा. त्याला डिस्क दिसते, पार्टिशन दिसतात, आणि लूपबॅक नावाच्या आज्ञेने तो आयएसओ फाइलच्या पोटातही बघू शकतो. आत जाऊन तो दोन वस्तू उचलतो. एक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि दुसरी इनिटआरडी, म्हणजे कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या सामानाची पिशवी. दोन्ही रॅममध्ये ठेवतो, कर्नलला उठवतो आणि निघून जातो. इथं त्याचं काम संपलं. त्याने जे 'लूप' उघडलं होतं ते त्याच्याबरोबर गेलं.

आता तुम्ही पंचवटीत मालेगाव स्टँडला उतरलात. रिक्षा गेली. पुढच्या गल्लीबोळातून वाडा तुमचा तुम्ही शोधायचाय. कर्नलला माहीतच नाही की आपण एका फाइलमधून आलो. तो सीडी शोधतो, यूएसबी शोधतो, काही सापडत नाही आणि बसतो. म्हणून निघतानाच त्याच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी टाकायची असते, की बाबा, ही अमुक फाइल तुझं घर. या चिठ्ठीचं नाव 'आयसो-स्कॅन/फाइलनेम'. उबंटू आणि मिंट दोघांनाही ही समजते. डेबियनच्या लाइव्हमध्ये त्याच कामासाठी 'फाइंडआयसो' असतं. प्रत्येक घराण्याची चिठ्ठी वेगळी, त्यामुळे एकाची दुसऱ्याला चालत नाही.

आता कृती. लॅपटॉप चालू करताना ग्रबचा मेनू आला की 'सी' दाबा. 'एलएस' लिहून एंटर मारलं की (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. लक्षात ठेवा, डिस्कची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनची एकापासून. समजा फाइल सातव्यावर आहे. मग या चार ओळी (इथं देवनागरीत लिहितेय, तिथं अर्थातच रोमनमध्ये):

लूपबॅक लूप (एचडी०,जीपीटी७)/वाट/मिंट.आयएसओ
लिनक्स (लूप)/कॅस्पर/व्हीएमलिनझ बूट=कॅस्पर आयसो-स्कॅन/फाइलनेम=/वाट/मिंट.आयएसओ
इनिटआरडी (लूप)/कॅस्पर/इनिटआरडी
बूट

'वाट' म्हणजे फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते. इनिटआरडीचं नाव आवृत्तीप्रमाणे बदलतं, कधी मागे एलझेड असतं. अंदाज करू नका, अर्धं लिहून टॅब दाबा, ग्रब उरलेलं दाखवतो. आणि लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी.

यात डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. चुकलं तर बंद करून पुन्हा चालू करा, मशीन जसं होतं तसंच उठेल.


तर्री_जास्त (१०:११)

'बूट=कॅस्पर' वाचून मला आधी वाटलं चपलांच्या दुकानाचा धागा उघडला की काय.


गोदाकाठ (१०:२४)

वाचनखूण साठवली. मृण्मयीताई, रिक्षावाल्याने मीटरने नेलं का ते लिहिलं नाहीत.


अण्णा_लिनक्सवाले (१०:४०)

ताईंनी छान लिहिलंय. माझा विरोध मागे. यावरून आठवलं, नॉपिक्सच्या काळात आम्ही हेच करायचो. क्लाऊस नॉपर नावाच्या जर्मन माणसाने २००० साली ते काढलं. मासिकांबरोबर सीडी यायच्या, त्यात मला मिळालं. सीडीवरून आख्खं डेस्कटॉप उठतं हे बघून कॉलेज रोडच्या खोलीतली चार पोरं रात्रभर झोपली नव्हती. पण ती सीडी ड्राइव्हची घरघर, आणि एक मेनू उघडायला पाऊण मिनिट. मग कळलं की सुरू करताना 'टूएचडी' लिहिलं तर ते आपली प्रत हार्ड डिस्कवर करून घेतं आणि पुढच्या वेळी तिथून उठतं. वेग बघून आम्हाला वाटलं मशीनच बदललं. तेव्हा १२८ एमबी रॅम म्हणजे श्रीमंती.


बिटको_पॉइंट (१०:४७)

अण्णा, तुमच्या सीडीवर ओरखडा कोणी पाडला होता ते अजून आठवतंय मला. मी नव्हतो.


खट्याळ_खार (१०:५२)

हीच युक्ती विंडोजच्या आयएसओला चालेल का? माझ्याकडे ११ ची पडलीये.


मृण्मयी_सातपूर (११:०३)

@खट्याळ_खार, नाही. विंडोजच्या खिशात टाकायला अशी चिठ्ठीच नाही. इन्स्टॉलर उठला तरी पुढची फाइल शोधायला लागतो आणि ग्रबचं लूप तोवर गेलेलं असतं. त्यासाठी आयएसओ फोडून आतल्या फाइली एका वेगळ्या पार्टिशनवर पसराव्या लागतात. यूईएफआयसाठी (नव्या मशीनमधलं बायॉस) ते फॅट३२ ठेवावं, तर फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल आजकाल त्याहून मोठी असते. म्हणजे तिचे तुकडे करा वगैरे. वेगळा धागा काढा, इथं काकांचं राहू दे.


रात्रपाळी (बुधवार, पहाटे २:३५)

शंकासुर यांच्या विहिरीबद्दल. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीनशेजारच्या पीसीचे यूएसबी धोरण म्हणून बंद केलेत, बायॉसमधूनच. बरोबरही आहे, पोरं पिक्चर आणायची त्यातून व्हायरस यायचे. पण मग विंडोज पडलं की करायचं काय? आयटीवाला सकाळी दहाला येतो, माझी पाळी रात्रीची.

म्हणून आम्ही परवानगी काढून प्रत्येक पीसीवर दहा जीबीचं एक पार्टिशन केलं, त्यात एक लाइव्ह लिनक्स आणि ग्रबच्या मेनूत एक ओळ. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएसने दगा दिला, विंडोज उठेना. निळा पडदा, पुन्हा निळा पडदा. लाइव्हमध्ये शिरलो, डिस्क उघडली, जॉबचा प्रोग्राम काढून नेटवर्कवरून शेजारच्या पीसीवर टाकला आणि काम चालू. चाळीस मिनिटं गेली. सकाळी आयटीवाल्याने निवांत विंडोज दुरुस्त केलं.

सांगायचं काय, तर विंडोज मरणं आणि डिस्क मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. माझ्या नोकरीत पहिली कितीतरी वेळा बघितली, दुसरी मोजून दोनदा. दोर विहिरीत आहे हे खरं, पण रोज आपण पडतो ते ओसरीवरून.


शंकासुर (सकाळी ८:१०)

@रात्रपाळी, मुद्दा मान्य, अर्धा. ज्या दोनदा डिस्क मेली तेव्हा काय केलंत?


रात्रपाळी (८:१४)

सर्व्हरवर बॅकअप होता. झोपू द्या आता.


शंकासुर (८:१६)

धन्यवाद. मला एवढंच म्हणायचं होतं.


निफाडकर (दुपारी १:५०)

मंडळी, उशीर झाला. सकाळी बागेत शेकोट्या पेटवायच्या होत्या, निफाडचा पारा पुन्हा उतरलाय, गारठ्याने मणी तडकतात.

जेवणानंतर मृण्मयीताईंच्या चार ओळी मारल्या. पहिल्या तीन बिनबोभाट गेल्या. बूट लिहिलं, मिंटचं हिरवं चिन्ह आलं, मी घरच्यांना हाक मारून दाखवलं. मग दोनेक मिनिटांनी काळा पडदा आणि 'अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टिम'. खाली 'इनिटरॅमएफएस' असं लिहून कर्सर लुकलुकतोय. घरच्यांसमोर लाज गेली.


अण्णा_लिनक्सवाले (२:०५)

आयएसओ अर्धवट उतरली असणार. शा२५६ची बेरीज ताडून बघा.


शंकासुर (२:०९)

की फाइल विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहे? विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर बंद करतानाही ते पार्टिशन पूर्ण सोडत नाही, अर्धवट झोपवून ठेवतं. एनटीएफएसवर ठेवण्यापेक्षा लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर ग्रबला ते पार्टिशन वाचताच येत नाही.


निफाडकर (२:४०)

बेरीज जुळली. फाइल उबंटूमध्येच आहे, डाउनलोड्समध्ये.


मृण्मयी_सातपूर (३:०२)

काका, ग्रब आत शिरला, कर्नल उठला, म्हणजे फाइल चांगली आहे आणि पहिला पत्ता बरोबर आहे. चिठ्ठी चुकलीये. तुम्ही आयसो-स्कॅनच्या पुढे नेमकं काय लिहिलंत? आणि भाच्याने 'होम'चं पार्टिशन वेगळं केलं होतं का?


निफाडकर (३:२०)

पहिल्या ओळीत टॅब दाबत गेलो, त्याने आपोआप (एचडी०,जीपीटी७)/माझं नाव/डाउनलोड्स/मिंट असं भरलं. दुसरीत टॅब चालेना, म्हणून उबंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसतो तो पत्ता आठवून लिहिला, /होम/माझं नाव/डाउनलोड्स/मिंट. आणि हो, होम वेगळं आहे. तो म्हणाला होता की पुढे सिस्टिम बदलली तरी फाइली राहतील.


मृण्मयी_सातपूर (३:२६)

सापडलं! 'होम' काढून टाका.

उबंटू चालू असताना ते सातव्या पार्टिशनच्या दारावर 'होम' अशी पाटी लावतं. ही पाटी उबंटूची, पार्टिशनची स्वतःची नाही. पार्टिशनच्या आत थेट तुमच्या नावाचा फोल्डर आहे. मिंटच्या पिशवीतलं स्क्रिप्ट एकेक पार्टिशन उघडून विचारतं, 'तुझ्यात /होम/अमुक आहे का?' सातवा म्हणतो, माझ्यात होम नावाचं काही नाही. बाकीचेही नाही म्हणतात. संपलं. दोन्ही ओळीतला पत्ता पार्टिशनच्या मुळापासून मोजायचा आणि शब्दशः सारखा ठेवायचा.

भाचा हुशार आहे बरं का, होम वेगळं करून ठेवलं. फोन उचलत नसला तरी.


बिटको_पॉइंट (३:३१)

म्हणजे जुन्या वाड्याचा पत्ता झाला हा. 'अमक्यांच्या पिठाच्या गिरणीमागे.' गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली.


खट्याळ_खार (३:३८)

अवांतर: कुंभमेळ्यामुळे पंचवटीतले रस्ते खणून ठेवलेत, तिथं सध्या कुठलीच चिठ्ठी चालणार नाही.


तर्री_जास्त (३:४५)

अवांतराला अवांतर: खड्ड्यांतून वाट काढत परवा चुलीवरच्या मिसळीला गेलो. पाव गार. तक्रार कुठं करायची?


निफाडकर (संध्याकाळी ६:५५)

झालं!!! हे मी मिंटमधूनच लिहितोय. वायफाय पहिल्या फटक्यात लागलं, मराठी टायपिंगही सापडलं. प्रिंटर यूएसबीचाच, त्यामुळे तो प्रश्नच निकालात. विंडोजपेक्षा हलकं वाटतंय. ब्राउझरचे पाच टॅब उघडले तेव्हा जरा दमलं.

दोन प्रश्न. रोज चार ओळी टायपायच्या का? आणि आता हे इथूनच कायमचं टाकता येईल का?


अण्णा_लिनक्सवाले (७:१०)

अभिनंदन! रोज टायपायची गरज नाही. उबंटूत जाऊन ग्रब डॉट डी फोल्डरमध्ये '४०_कस्टम' नावाची फाइल असते, तिच्या शेवटी मेनूची नोंद म्हणून पहिल्या तीन ओळी टाका आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. मेनूत नाव दिसेल. पण उबंटूच्या जागी मिंट टाकलंत की ही फाइल जाणार, आधी तिची नक्कल घरी ठेवा.

आणि लाइव्हमध्ये केलेलं काम बंद करताच पुसलं जातं हे विसरू नका. हिशेब त्यात लिहून ठेवाल आणि मग मला शिव्या द्याल.


मृण्मयी_सातपूर (७:३०)

दुसऱ्या प्रश्नाचं: येईल, पण एक गाठ आहे. आत्ता मिंट सातव्या पार्टिशनवरच्या फाइलवर उभं आहे. त्या पार्टिशनला ते 'आयसोडिव्हाइस' या नावाने धरून बसतं. इन्स्टॉलर म्हणेल ते सोड, ते सोडणार कसं? ज्या फांदीवर बसलोय तीच. फाइल आधी रॅममध्ये ओतून घ्यायचा 'टूरॅम' हा पर्याय असतो, पण आयएसओ पावणेतीन जीबीच्या आसपास आणि तुमची रॅम ४, दम लागेल.

सोपा मार्ग असा. उबंटूत जी-पार्टेड चालवा, डिस्कवर शेवटी थोडी जागा रिकामी असेल तर पाच-सहा जीबीचं एक ईएक्सटी४ पार्टिशन करा, आयएसओ तिकडे हलवा, चिठ्ठीतला पत्ता बदला. मग सातवा मोकळा. इन्स्टॉल करताना 'समथिंग एल्स' निवडा, उबंटूचं जुनं मूळ पार्टिशन फॉरमॅट करा, सातव्याला होम म्हणून जोडा आणि त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना हे तीनदा बघा. तीनदा.


गोदाकाठ (७:४१)

एकाने मला फाइल पार्टिशनवर 'डीडी' करायला, म्हणजे जशीच्या तशी ओतायला, सांगितली होती, तेही चालतं म्हणे. मी शेवटी पाच लिहायला विसरलो आणि 'एसडीए५' ऐवजी 'एसडीए'वर ओतली. आख्ख्या डिस्कच्या तोंडावर. लग्नाचे फोटो होते. बायकोला अजून वाटतं की हार्ड डिस्क जळाली.


बिटको_पॉइंट (७:४४)

वहिनी या संस्थळावर नाहीत ना?


निफाडकर (८:०५)

जागा १८ जीबी रिकामी दिसतेय शेवटी. रविवारी करतो. मृण्मयीताई, हंगाम सुरू झाला की एक पेटी सातपूरला पोचेल.

एक किरकोळ. मिंट चालू असताना लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यातून मधूनमधून टक्-टक् असा आवाज येतो. विंडोजमध्ये असताना पंख्याच्या आवाजात कळत नव्हता बहुतेक. जुन्या डिस्कला तेवढं चालायचंच ना?


शंकासुर (८:०७)

निफाडकर, रविवार विसरा. पार्टिशनला हात लावू नका. हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?


निफाडकर (८:१०)

दुसरी नाही.


शंकासुर (८:११)

वायफाय चालू आहे ना? आत्ता, याच मिंटमधून सातवं पार्टिशन आणि विंडोजचं डी उघडा, हिशेबाचे फोल्डर गूगल ड्राइव्हवर चढवा. सर्वांत महत्त्वाचे आधी. लॅपटॉप उचलू नका, हलवू नका, बंदही करू नका. बाकीचं नंतर.


मृण्मयी_सातपूर (८:१५)

शंकासुर बरोबर सांगतायत. काका, आधी येणी आणि मजुरीच्या फाइली, फोटोबिटो मागून. डी उघडताना ते फक्त वाचण्यापुरतं उघडलं तर घाबरू नका, तेवढंच हवंय. नवीन एसएसडी आत बसवता येईल, त्याला यूएसबी लागत नाही.


तर्री_जास्त (८:२२)

मी गप्प बसलोय. चढवा.


निफाडकर (८:५८)

येणी गेली. मजुरी गेली. औषधांचं रजिस्टर चाललंय, ६२ टक्के. आवाज येतोच आहे.